तापाच्या रकान्यातल्या बायका

“सिस्टर, तुमचे बहात्तरच्या बहात्तर पेशंट खोटे निंगाले,” भागवतभाऊ म्हणाले आणि बशीतला चहा फुंकून प्यायले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ऑफिसात सकाळी अकराला माणूस जे बोलतो त्यात त्याचं मन फारसं नसतंच. पण ‘खोटे’ हा शब्द कानावर पडला आणि माझ्या कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत एक कळ सरसरत गेली. कळ नवीन नाही, सात वर्षांची जुनी आहे, पण तिला वेळ साधता येते हे मला त्या दिवशी कळलं. मी टेबलाचा काठ धरला, आणि धरला नाही असं दाखवायला टेबलावरचा एक कागद सरळ केला. या दोन्ही गोष्टी एकाच हालचालीत करायची मला सवय आहे. भागवतभाऊंनी टाईप केलेला खुलासा पुढे सरकवला. खाली माझं नाव धम्मदीपा, हुद्दा आरोग्यसेविका, कंसात कंत्राटी, उपकेंद्राचं गाव, सगळं त्यांनीच भरून ठेवलं होतं. वर एकच वाक्य होतं: ‘तापासह सांधेदुखी’ या रकान्यात अनवधानाने चुकीची नोंद झाली असून प्रत्यक्षात रुग्णसंख्या शून्य आहे. “सही मारा. साडेतीनची रिसोड गाडी आरामात भेटते तुमाले,” ते म्हणाले. “साहेब व्हिडिओ मीटिंगीत हायेत, पाचच्या आत वर पाठवा लागते.” मी म्हटलं, वाचून देतो. ते हसले. एका वाक्यात वाचण्यासारखं काय असतं, असं ते हसणं होतं.

वाशिमच्या त्या ऑफिसाच्या व्हरांड्यात एक लोखंडी बाक आहे. बसलं तर वीस मिनिटांनी कंबर धरते, उभं राहिलं तर पंधरा मिनिटांनी पाय. पाच मिनिटांचा फायदा बघून मी बसले. कागद मांडीवर घेतला आणि त्यातल्या ‘अनवधानाने’ या शब्दाकडे बघत राहिले. बाकी वाक्याशी माझं भांडण नंतर झालं; आधी त्या एका शब्दाशी. अनवधान म्हणजे लक्ष नसणं. आणि माझं लक्ष होतं. इतकं लक्ष मी लग्नाच्या रजिस्टरवर सही करतानाही दिलं नव्हतं. आमच्या मोबाईलवर रोजचा अहवाल भरायचं ॲप आहे. ताप, खोकला, जुलाब, कावीळ, साप चावला, कुत्रं चावलं, असे एकाखाली एक रकाने, आणि अगदी शेवटी ‘इतर’. गावातल्या बायकांचं दुखणं मी इतकी वर्षं ‘इतर’मध्ये टाकत आले. ‘इतर’ कोणी उघडून बघत नाही. ती गावकुसाबाहेरची जागा आहे, आणि गावकुसाबाहेरची जागा म्हणजे काय हे मला तरी कोणी शिकवायला नको. यंदा सोयाबीनची सोंगणी आटोपल्यावर बीपी-शुगरच्या तपासणीसाठी मी आणि आमच्या आशा कार्यकर्त्या बेबीताई घरोघर फिरलो. दंडाला पट्टा बांधला की बाई म्हणायची, ते राहू दे वो सिस्टर, हे पाय. आणि लुगडं गुडघ्याच्या वर घेऊन बिब्ब्याचे चटके दाखवायची. काळे, गोल, टिकलीएवढे डाग. गुडघ्यावर चार, कमरेवर सहा, मानेवर दोन. दुखलं तिथं बिब्बा तापवून लावायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. बेबीताईंनी त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर नावं लिहायला सुरुवात केली. मी सांगितलं नव्हतं. बाराव्या दिवशी त्यांनी वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, “बहात्तर झाल्या. आता या बायायचं काय करू?” एका गावात बहात्तर. माझ्याकडे अशी पाच गावं आहेत. मी मनात गुणायला लागले, मग तालुका आला, मग जिल्हा आला, आणि मी गुणायचं थांबवलं.

त्या दुपारी मी ॲप उघडलं. सगळ्या रकान्यांत ‘दुखी’ हा शब्द फक्त एका जागी होता, आणि तोही तापाचा हात धरून आलेला: तापासह सांधेदुखी. एकट्यानं आलेल्या दुखण्याला दार नव्हतं. माझं बोट त्या रकान्यावर जाऊन थांबलं. चुकीचं आहे हे मला कळत होतं. हेही कळत होतं की ‘इतर’मध्ये टाकलं तर या बहात्तर बायका वहीच्या मागच्या पानावरच म्हाताऱ्या होतील. मी सात आणि दोन दाबलं. कसं वाटलं म्हणाल तर, खरं सांगते, बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी कोणाच्या तरी दारावर जोरात थाप मारल्यासारखं वाटलं. दार उघडलं की काय होतं याचा विचार केला नव्हता. तो माझ्या बापजन्मी कोणी केलेला नाही, कारण दार कधी उघडलेलंच नाही.

ते तिसऱ्या दिवशी उघडलं. कुठल्याशा नकाशावर आमचं गाव लाल झालं म्हणे, आणि दोन जीप आल्या. डासांच्या तापाची साथ समजून आले होते ते, त्यांचंही काय चुकलं. गल्लीगल्लीत धूर सोडला. घराघरांतले रांजण आणि ड्रम उपडे करायला लावले, अळ्या असतील म्हणून. आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतो. गोजराबाई एकाहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले. त्यांनी दोन ड्रम पाणी स्वतःच्या हातानं अंगणात ओतलं, कारण गणवेशातल्या माणसानं सांगितलं. पाणी उतारानं रस्त्यावर गेलं आणि मी उपकेंद्राच्या दारातून ते जाताना पाहिलं. मग रक्त घ्यायला रांग लागली. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. मी कापसाचे बोळे देत उभी होते. गोजराबाईंनी बाही वर केली आणि हात पुढे केला. “घ्या, लागते तेवढं घ्या,” त्या म्हणाल्या. “हाडात काय होऊन राह्यलं ते एक डाव कळू द्या मले. डॉक्टर म्हनते काही नाही, लेक म्हनते काही नाही. रगत तं खोटं बोलत नाही ना?” बेबीताई माझ्या कानाशी लागल्या, “सिस्टर, यायले सांगा लागते, आपन काय केलं ते.” मी म्हटलं, नंतर सांगू. आणि तो ‘नंतर’ आज इथं, या बाकावर, माझ्या मांडीवर टाईप होऊन आला होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. रक्तात ताप नव्हता. रिपोर्टात कुठून येईल.

माझ्या मायचं रक्त कोणी मागितलंच नाही. तिचं नाव रूपाबाई. आमचं गाव शिरपूरच्या जवळ. तिथल्या देवळाला येणाऱ्या जात्रेकरूंच्या बसगाड्या आमच्या फाट्यावरून जायच्या आणि आम्ही पोरं हात हलवायचो. माय दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची, सकाळी वाकली की सूर्य कलल्यावर सरळ व्हायची. घरी आली की चूल पेटवण्याआधी भुईवर पालथी पडायची आणि हाक मारायची, “दीपा, तुडव वं जराशी.” मी सहा-सात वर्षांची असेन. भिंतीला हात लावून मी तिच्या पाठीवर चढायची. उन्हानं तापलेली पाठ, घामानं भिजून परत वाळलेलं पोलकं, तळव्याखाली एकेक मणका. ओल्या मातीचा आणि तुरीच्या पाल्याचा वास. मी खांद्याकडे चालायला लागले की ती म्हणायची, “वर नको, खाली. खाली. हाव, तिथंच. तिथंच उभी राय.” मी तिथंच उभी राहायची आणि पाढे म्हणायची, कारण शाळेतल्या बाईंनी रोज म्हणायला सांगितले होते. सातचा पाढा होईपर्यंत तिचा श्वास लांब व्हायचा. तो माझ्या पायांखाली वर यायचा, खाली जायचा. बाहेर ग्यानबा, माझे बाबा, दोरी वळत बसलेले असायचे आणि कोणालाही काहीच घाई नसायची. त्यानंतर आयुष्यात मी कितीतरी बाळंतपणं केली, तापातली पोरं वाचवली, सत्कारही झाला एकदा, शाल-श्रीफळ देऊन. पण त्या पाठीवर मी जितकी कामाची होते तितकी नंतर कुठंच झाले नाही. दहाव्या वर्षी एक दिवस ती म्हणाली, “उतर माय, जड झाली तू आता.” मी रुसून बसले. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. चुकलं एवढंच होतं की मी वाढले होते.

आज मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि मला ती पाठ हवी आहे. लोकांना वाटेल, हिला आपली कंबर दुखायची थांबायला हवी असेल. तीही हवी आहे, नाही कशाला म्हणू. पण एखाद्या दिवशी, उपकेंद्रात एकटी असताना, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असताना, तळव्यांना अचानक आठवण येते. गरम, हलणारी, जिवंत. मग पायाखाली नुसती फरशी असते. 

नर्सिंगचं शिक्षण झाल्यावर मी पहिल्यांदा घरी गेले ते बीपीचं मशीन घेऊन. पांढरी साडी, एप्रनच्या खिशाला पेन. सगळ्या गल्लीसमोर मायचं बीपी मोजलं. ती म्हणाली, आंग दुखते वं दीपा, लय दुखते. मी पारा खाली उतरताना बघत होते. “माय, तुह्यं बीपी एकदम नॉर्मल हाय,” मी म्हटलं, “तुले काही झालं नाही.” तिनं माझ्याकडे बघितलं. शाळेत नापास झालेलं पोर घरी येऊन जसं बघतं तसं बघितलं, जणू आजारी पडणंही तिला धड जमलं नव्हतं. मग मी तिला गोळ्या दिल्या. दहा गोळ्यांची पट्टी, पुढच्या खेपेला अजून एक पट्टी, मग दोन. अकरा वर्षं. ती गोळी खाऊन निंदायला जायची आणि शेजारच्या बायकांनाही अर्धी अर्धी तोडून द्यायची. माह्या लेकीनं आनली, म्हणायची. शेवटी किडन्या गेल्या. अकोल्याला डॉक्टरांनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या फार दिवस चालू होत्या का? मी नर्स, त्यांच्यासमोर उभी, आणि मी म्हणाले, कधीमधी. नऊ वर्षं झाली तिला जाऊन. मृत्यूच्या कागदावर किडनी आहे, बीपी आहे, वय आहे. तीस वर्षं जे तिच्याबरोबर वावरात गेलं, तिच्याबरोबर जेवलं, तिच्या शेजारी निजलं, त्याचं नाव त्या कागदावर नाही. रोज मरे त्याला कोण रडे, म्हणतात. मी तर रडायच्या ऐवजी मोजत बसले, आणि मोजलं तेही भलतंच.

दोन वर्षांनी माझं सुरू झालं. अमुक दिवशी सुरू झालं असं सांगता येत नाही; पाहुणा कधी आला ते कळलं नाही आणि बघते तर त्याची गादी घातलेली. एक मोठा फोटो काढला मणक्याचा. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहे. खूप चांगला माणूस होता. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि मला मायचा तो नापास चेहरा माझ्या चेहऱ्यावर जाणवला, आतून. रवी, माझा नवरा, मानोऱ्याकडे एका आश्रमशाळेत शिक्षक आहे, शनिवारी घरी येतो. पहिल्या वर्षी तो तव्यावर मीठ गरम करायचा, फडक्यात बांधून शेकायचा, त्याच्या बोटांना चटके बसायचे आणि तो हसायचा. दुसऱ्या वर्षी मलम लावून द्यायचा. आता दारातून येताना विचारतो, “आज बी?” त्यात राग नसतो. माणूस सात वर्षं कसा शेकत राहील? पण त्या दोन शब्दांनी मी दर शनिवारी थोडी एकटी होते. म्हणून मी नाही म्हणायला शिकले. नाही म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो, आणि तो चेहरा बघायला मिळावा म्हणून मी खोटं बोलते. त्या मिठाच्या फडक्याची मला फार आठवण येते. गुण यायचा नाही त्यानं फारसा. पण दोन माणसं एकाच दुखण्याकडे बघत बसलेली असायची. आणि आठवण येते एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीची, नर्सिंगला असतानाची. पांढऱ्या साड्या, हातात लेझीम, शाळेच्या मैदानापासून चौकापर्यंत आम्ही पोरी नाचत गेलो आणि परतही नाचत आलो. मला तेव्हा कंबर आहे हेच माहीत नव्हतं. ज्याला दुखत नाही त्याला शरीर नसतंच. तो नुसता असतो. तसं नुसतं असून बघायचंय मला परत एकदा, एखाद्या सकाळी, तासभर.

ऑफिसात यातलं कोणालाच माहीत नाही. आमची नोकरी दर मार्चला नवी होते, आणि नवी होताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो. सात मार्च मी ताठ चालत काढलेत. जिना चढताना फोनवर बोलत असल्याचं सोंग करते, म्हणजे मध्ये थांबलं तरी चालतं.

फोन खरोखरच वाजला. बेबीताई होत्या. “सिस्टर, रिपोर्ट आला का वो? गोजरामाय सकायपासून दोन डाव येऊन गेल्या. पायरीवर बसून हायेत. म्या म्हटलं घरी जा, तं म्हनते, मंग परत चढून या लागन, आता ऐकूनच जातो.” मी विचारलं, अजून कोण कोण आहे? “पंधरा-सोळा जनी हायेत. केनवडच्या बी दोन आल्या, त्यायचं नाव बी लिहा म्हनते.” मी फोन दुसऱ्या कानाला लावला. “काहून बोलत नाही तुमी?” बेबीताई म्हणाल्या. मी म्हटलं, येतो मी संध्याकाळपर्यंत. फोन ठेवला. पायरीवर बसलेल्या त्या बायकांना मला जे सांगावं लागणार होतं ते मी आधी एकदा सांगितलेलं होतं, बीपीचं मशीन मांडीवर घेऊन. तुम्हाला काही झालेलं नाही. या वेळी तर शिक्क्यासकट.

राखी मॅडम व्हरांड्यातून जाताना मला बघून थांबल्या. साथीच्या रोगांचं त्याच बघतात. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, कामाला वाघ. “सिस्टर, अजून सही नाही केली?” मी उठले, पटकन उठू शकते असं दाखवत उठले. म्हटलं, मॅडम, ताप नव्हता हे मान्य. पण शून्य कसं लिहू? बहात्तर बायका आहेत. त्या खरंच विचारात पडल्या, उगाच नाही म्हणत. “मला कळतं हो. पण दुखणं हा आजार नाही, लक्षण आहे. लक्षणाचा कार्यक्रम नसतो, म्हणून रकाना नाही.”

“मग ताप काय आहे मॅडम?” मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, “ताप मोजता येतो.”

“थर्मामीटर यायच्या आधी पण ताप होताच ना.”

हे मी इतक्या हळू बोलले की मलाच वाटलं, मनात बोलले. पण त्यांनी ऐकलं. त्या माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, “सिस्टर, मार्चमध्ये तुमचं नूतनीकरण आहे. या कागदानं विषय संपतो. तुमच्यासाठीच सांगतेय.” आणि त्या खरंच माझ्यासाठीच सांगत होत्या. सगळे माझ्यासाठीच सांगत होते. सही केली असती तर सुंठीवाचून खोकला गेला असता: नकाशावरचं लाल गाव परत हिरवं, माझा मार्च सुखरूप, बायका आपापल्या घरी. मॅडम गेल्यावर मी परत बसले; बाकावर उठबस करता करता दुपार सरली होती. साडेतीनची गाडी गेली असणार. घड्याळाकडे बघितलंच नाही. मला मायचा हात आठवत होता, गोळी अर्धी तोडतानाचा. दोन्ही अंगठ्यांची नखं गोळीच्या रेघेवर ठेवून ती अशी नेमकी तोडायची की भुगा पडत नसे. इतक्या नेमक्या बाईला आपलं काय दुखतं ते नेमकं सांगता आलं असतं. मी विचारलं असतं तर. तिनं कसं सांगितलं असतं, कुठून सुरुवात केली असती, हे मला आता कधीच कळणार नाही, आणि ते न कळणं माझ्या कमरेपेक्षा जास्त दुखतं.

मी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. ताप नव्हता. तापाच्या रकान्यात मी जाणूनबुजून लिहिलं, ती चूक माझी. त्यामुळे गावातल्या बायकांना आठ दिवसांचं पाणी ओतावं लागलं, तीही माझीच. पण रुग्णसंख्या शून्य नाही, बहात्तर आहे. त्यांना रोज दुखतं, वर्षानुवर्षं दुखतं, त्यासाठी आपल्याकडे गोळीशिवाय काही नाही आणि रकानाही नाही. तो असावा. सही. अक्षर वाकडं आलं, मांडीवर लिहिल्यामुळे. मग मी भागवतभाऊंकडे गेले नाही. आधी खाली आवक खिडकीवर गेले. अठरा वर्षांच्या नोकरीत एवढं शिकले आहे की हातात दिलेला कागद हरवतो, आवकचा शिक्का पडलेला कागद हरवत नाही. त्याला नंबर मिळतो, आणि नंबर मिळाला की त्याला कुठल्यातरी फाईलीत राहायला जागा द्यावीच लागते. खिडकीतल्या मुलीनं न वाचताच शिक्का मारला. जिना परत चढताना मी फोन कानाला लावायचं विसरले.

भागवतभाऊंनी कागद वाचला, उलटून स्वतः टाईप केलेलं वाक्य वाचलं, परत उलटला. “हे काय करून ठेवलं सिस्टर? अनवधान कुठं गेलं?”

“अनवधान नव्हतं, भाऊ.”

“आवक बी करून आन्लं!” त्यांनी कपाळावर हात मारला. “आता हे लावू कोन्त्या फायलीत? तापाची फाईल हाय, शुगरची हाय, कुत्रं चावल्याची हाय. याची फाईलच नाही ना!”

“मंग नवी काढा.”

 मला वाटलं ओरडतील. पण जुना कारकून आणि शिक्का मारलेला कागद, यांच्यात एक नातं असतं; त्याला बेवारस ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं. पुटपुटत त्यांनी कपाटातून एक कोरं कव्हर काढलं, एक फुलस्केप काढला, लोखंडी पट्टी ठेवली आणि उभ्या रेघा मारायला लागले. अनुक्रमांक. नाव. वय. कुठे दुखते. केव्हापासून. मी त्या चौथ्या रकान्याकडे बघत राहिले. पट्टीनं ओढलेली, थोडी तिरकी गेलेली रेघ. इतकी वर्षं जे कोणाच्याच्यानं झालं नव्हतं ते या माणसानं चिडचिड करत अर्ध्या मिनिटात केलं होतं. “नावाबिगर आकडा साहेब घेत नाही,” ते खाली बघूनच म्हणाले. “सांगा भरभर. पयलं नाव?”

पहिलं नाव माझ्या ओठांवर आलंच होतं. रूपाबाई. ओठ ‘रू’ म्हणायला पुढेही झाले होते. पण मेलेल्या माणसाला कुठल्याच रजिस्टरात दुखत नाही. मी नाव गिळलं. आमच्यासारख्या खेड्यावरच्या बायांनी त्या टेबलासमोर उभं राहूनच बोलायचं असतं. अलीकडच्या बाजूला खुर्ची नसतेच. बहात्तर नावं होती. मी टेबलाचा काठ धरला आणि या वेळी कुठलाही कागद सरळ केला नाही.

“बसून सांगू का, भाऊ?” मी म्हणाले. “माही कंबर लय दुखून राह्यली.”

पलीकडच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं. सात वर्षं सांभाळलेलं वाक्य असं सहज निघून गेलं होतं, आणि मार्च मला समोर दिसत होता. भागवतभाऊंनी मान वर केली. चष्म्यातून माझ्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. मग त्यांनी मान परत खाली घातली, एक या आकड्यापुढे माझं नाव लिहिलं, त्यापुढे वय लिहिलं, त्यापुढे ‘कंबर’ लिहिलं, आणि पेन शेवटच्या रकान्यावर ठेवून विचारलं, “कवापासून?”